दुनळीची जुनी पेटी हाती आली तर

माझ्याकडे बंदूक नाही. परवाना नाही आणि शिकारीची हौसही नाही. माझ्याकडे आहेत त्या दुनळी बंदुकांच्या रिकाम्या पेट्या. सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं, निवृत्त झालो आणि अंबाजोगाईच्या घरातल्या मागच्या खोलीत हे काम सुरू केलं. आज खोलीत अकरा पेट्या आहेत. आणखी सोळा-सतरा दुरुस्त होऊन ज्यांच्या त्यांच्या घरी परत गेल्या.

बंदूक ठाण्यात जमा होते, विकली जाते, दुसऱ्या गावी जाते. पेटी घरात राहते. त्या घराने तिच्याशी जे जे केलं ते सगळं तिच्या अंगावर असतं. म्हणून माझा आग्रह एकच आहे: पेटी टिकवायची, नवी करायची नाही. आणि आपण जे करू ते पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे. खाली जे सांगतो ते सगळं याच धाग्याने बांधलेलं आहे.

आपल्याकडे या पेट्या कशा आल्या

अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद. निझामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंटचं घोडदळ इथे असायचं. जालना, हिंगोली, औरंगाबाद इथेही त्या फौजेच्या छावण्या होत्या. 1903 मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात मिसळली. या छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे विलायती दुनळी असायच्या. त्यांच्याशिवाय जहागीरदार होते, देशमुख-देशपांडे होते. कुणी थेट लंडनहून मागवायचे, कुणी कलकत्त्याच्या मँटन, रॉडा किंवा लायन अँड लायन या दुकानांतून.

"बंदूक जमा केली, पेटी राहिली." हे वाक्य मी बीड, परभणी, धाराशिव या तिन्ही जिल्ह्यांतल्या वाड्यांत ऐकलंय. राहिलेली पेटी मग घरात कामाला लागते. लांब, चपटी आणि कुलपाची असल्यामुळे कागदपत्रांना ती फार सोयीची. एका पेटीत मला खासरा पाहणीचे उर्दू कागद मिळाले, एकीत बारशाची कुंची आणि चांदीचे वाळे. आत काहीही निघो, पेटी उचलण्याआधी ते घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर काढून त्यांच्या हातात द्या. मोडी किंवा उर्दू कागद "वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ" म्हणणारे भेटतात. त्यांना विनंती करा की टाकू नका, त्यात कुणाच्या तरी जमिनीचा पुरावा असतो.

वाड्यांशिवाय भंगारवाल्यांना सांगून ठेवा. हैदराबादच्या जुमेरात बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारातही पेट्या येतात, पण तिथे डागडुजी करून "जुन्या" केलेल्याही येतात. परवानाधारक बंदूक-विक्रेत्यांकडे एकदा तरी चौकशी करावी. त्यांच्या माळ्यावर बेवारस पेट्या पडलेल्या असतात.

कायद्याचं आधीच सांगतो. रिकाम्या पेटीला परवाना लागत नाही. पण 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही शस्त्रातच येतात, आणि काडतुसांनाही परवाना लागतो. पेटीत नळी, चाप, घोडा किंवा जुनं काडतूस निघालं तर ते पिशवीत घालून घरी आणू नका. काडतूस हलवू, उघडू, वाळवू नका. घरमालकांना पोलीस ठाण्यात कळवायला सांगा. दुसरी गोष्ट, शंभर वर्षांपेक्षा जुनी कारागिरीची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. ती परदेशी पाठवायची नाही, मग घेणारा कितीही पैसे देवो. तिसरी, साफसफाईच्या गजाला हस्तिदंती टोक असेल किंवा पेटीवर बिबट्याचं कातडं असेल, तर ती विकत घेऊच नका.

कोणती पेटी आहे ते कसं कळतं

ढोबळमानाने तीन प्रकार भेटतात. पहिला ओक लाकडाच्या सांगाड्यावर कातडं चढवलेला. कोपऱ्यांना पितळ, आत लाल, निळी किंवा हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. रिकामी असली तरी हाताला चांगलीच ओढ देते. दुसरा हलका: पातळ सांगाडा, वर जाड कॅनव्हास आणि फक्त कोपऱ्यांना कातडं. तिसऱ्यात सांगाडाच नसतो. नुसत्या जाड कातड्याची, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली पेटी. इंग्रज तिला मेंढ्याच्या तंगडीचं नाव देतात आणि आकार अगदी तसाच असतो.

टेप लावून नळीचा कप्पा आतून मोजा. दुनळी नेहमी दोन तुकड्यांत ठेवली जाते, नळ्या एका कप्प्यात आणि दस्ता दुसऱ्यात. त्यामुळे कप्प्याच्या लांबीवरून नळी 28 इंची होती की 30 इंची ते कळतं. मधल्या छोट्या चौकोनी खणांत तेलाची कुपी, पेचकस, ब्रश अशा वस्तू असायच्या. वस्तू नसल्या तरी बनातीवर त्यांचे ठसे असतात. तिरपी बॅटरी मारून बघा, गोल कुपीचा ठसा लगेच दिसतो. हा ठसा इस्त्री करून काढू नका. त्या खणात काय होतं ते सांगणारी दुसरी कुठलीच गोष्ट उरलेली नसते.

झाकणाच्या आत कारखानदाराचं लेबल असतं, कागदी किंवा सोनेरी छापाचं कातडी. लेबलवरचा पत्ता काळ सांगतो. पर्डी ही बंदुका बनवणारी लंडनची कंपनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑडली स्ट्रीटला गेली, म्हणजे ऑक्सफर्ड स्ट्रीटचं लेबल त्याआधीचं. 'हॉलंड अँड हॉलंड' हे जोडनाव 1876 पासूनचं. राजघराण्याच्या कृपेचा उल्लेख असेल तर राणी लिहिलंय की राजा ते वाचा. व्हिक्टोरिया राणी 1901 मध्ये वारली आणि त्यानंतर अर्धशतक राजेच होते. टेलिफोन नंबर छापलेला असेल तर पेटी फार जुनी नाही.

पण लेबलं नकलीही असतात आणि चांगल्या नावाचं लेबल लावून साध्या पेटीची किंमत दुप्पट केली जाते. यासाठी मी नोटा तपासायची जांभळी बॅटरी वापरतो, शे-दोनशे रुपयांत मिळते. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं घालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. अंधारात ही बॅटरी मारली की असा नवा कागद निळसर पांढरा पेटतो. खरा जुना कागद मळकट, निस्तेज राहतो. हैदराबादला एकदा मी ही बॅटरी काढली आणि विक्रेत्याने न बोलता झाकण मिटलं.

लेबल फाटकं असलं तरी मला चालतं. झाकणावर मालकाची अक्षरं असतील, जहाजाची किंवा रेल्वेची चिठ्ठी असेल, तर तिचा एक कणही खरवडू नका. माझ्या एका कॅनव्हासच्या पेटीवर रेल्वेच्या चिठ्ठीचा अंगठ्याएवढा तुकडा आहे, त्यावर फक्त 'परभ' एवढं वाचता येतं. माझ्या सगळ्या संग्रहात मला तो तुकडा सगळ्यात प्रिय आहे.

पहिला महिना: हात न लावता

पेटी घरी आली की आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आतले आणि तळाचेही. मग ती इतर सामानापासून लांब ठेवा. वाळवी, कसर, लाकडातला भुंगा, यातलं काय आत बसलंय ते पहिल्या दिवशी कळत नाही. पांढऱ्या कागदावर ठेवा आणि आठवड्याने कागद बघा. बारीक पिठासारखा भुसा पडला असेल तर भुंगा जिवंत आहे.

बनातीला कसर लागली असेल तर औषध फवारू नका, रंग उतरतो आणि वास वर्षानुवर्षं जात नाही. थंडी हा उत्तम उपाय. पेटी जाड प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळायची आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायची. माझ्या ओळखीचा एक आइस्क्रीमवाला पौष महिन्यात, धंदा थंड असताना, आडवा फ्रीझर रिकामा करून देतो. बाहेर काढल्यावर प्लास्टिक लगेच फाडायचं नाही. आतलं तापमान खोलीएवढं व्हायला पूर्ण एक दिवस द्यायचा, नाहीतर थंड कातड्यावर दव धरतं.

धूळ काढायला मऊ ब्रश आणि व्हॅक्युम. व्हॅक्युमच्या तोंडाला जुन्या नायलॉन साडीचा तुकडा रबराने बांधा. सुटा धागा, निखळलेला बारीक खिळा (चूक), लेबलचा कपचा, सगळं त्या कापडावर अडकतं. तो कपचा डबीत जपून ठेवायचा.

कातडं

सगळ्यात जास्त पेट्या इथेच मरतात आणि प्रेमाने मरतात. माझी पहिली पेटी मीच तशी घालवली. धारूरकडच्या एका वाड्यातली होती. कातडं कोरडं, चिरा पडलेलं. मला वाटलं तहानलेलं आहे. श्रावणात तिला खोबरेल तेल चोळलं, दोन दिवस चोळत राहिलो. गणपती येईपर्यंत ती काळी पडली, चिकट झाली आणि तिच्यावर बुरशीची पांढरी साय धरली. तेल शिवणीतून आत उतरलं होतं, दोरा कुजला, आतली बनात डागाळली. ते डाग आजही आहेत. ही पेटी मी कुणाला दिली नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दाखवतो.

तेव्हा आमच्या गल्लीतल्या चर्मकार काकांनी समजावलं. त्यांचे वडील विहिरीच्या मोटा शिवायचे. ते म्हणाले, "सर, मोटंला त्याल लागायचं, कारण ती रोज पाण्यात बुडायची. ही पेटी कुठं बुडायली?"

तर आधी परीक्षा करा. कोरडं बोट कातड्यावर हलकेच फिरवा. बोटाला लालसर पावडर लागली तर ती लाल कूज. झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्यात हवेतलं गंधकयुक्त प्रदूषण मुरून आम्ल तयार होतं आणि कातड्याचे तंतू तुटत जातात. हे बरं होत नाही, थांबवता येतं. अशा कातड्याला पाणी लावायचं नाही. ओलं फडकं फिरवलंत तर ते जागच्या जागी काळं आणि कडक होतं. साबण नाही, तेल नाही, बुटाचं पॉलिशही नाही.

लाल कुजीसाठी मी हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज वापरतो. पांढरी भुकटी असते, रसायनांच्या दुकानात सांगून मागवावी लागते. अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा ग्रॅम, चिमूट चिमूट करून ढवळत टाकायची. एकदम ओतली तर गोळे होतात. रात्रभर झाकून ठेवली की सकाळी पातळ पेजेसारखं द्रावण तयार. खोलीची दारं उघडी, आसपास गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. अल्कोहोलने जुना रंग किंवा लाखेची चकाकी उतरू शकते, म्हणून आधी तळाला एका कोपऱ्यात थेंब लावून बघा. मग मऊ ब्रशने हात द्या, वाळू द्या, दुसरा द्या. बोटाला पावडर लागायची थांबली की आपणही थांबायचं. महिन्याभराने वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात दिला तरी पुरे.

कातडं धडधाकट असेल तर काम त्याहून कमी. घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने मळ उचला, सावलीत वाळवा आणि सोडून द्या. चकाकी मागू नका.

पावसाळ्यात बुरशी आली तर पेटी अंगणात न्या, तोंडाला फडकं बांधा आणि मऊ ब्रशने घरापासून लांब झटका. डाग राहिला तर 70 टक्के आयसोप्रोपिलमध्ये किंचित ओलवलेला बोळा, तोही आधी तळाला पारखून. लाल कूज असेल तर बोळाही नको, ब्रश पुरे. उन्हात ठेवायचा मोह फार होतो. आपलं ऊन उन्हाळ्यात चाळीसच्या वर जातं. त्यात कातडं आक्रसून सांगाड्यावरून उचकटतं, शिवण फाडतं. सावली आणि वारा एवढंच द्या.

ठिगळाला बाजारातलं क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या क्षाराने कमावलेलं, मऊ कातडं चालत नाही. ते ताणतं, कडेला घडी धरत नाही, जुन्याशेजारी प्लास्टिकसारखं दिसतं. सालीचं कातडं हवं. ओळखायचं कसं? एक चिंधी उकळत्या पाण्यात टाका. सालीचं असेल तर लगेच आक्रसून वाकडं-कडक होतं, क्रोमचं जवळजवळ तसंच राहतं. कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. त्याचे उरलेले तुकडे मी किलोवर आणतो. रापीने (चर्मकाराच्या कातडं तासायच्या पात्याने) कड कागदाएवढी पातळ करायची, ठिगळ बसवण्याआधीच त्याला रंग द्यायचा, आणि ठिगळ जुन्या कातड्याच्या वर नाही, खाली सरकवायचं.

चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. पांढरा तयार गोंद वापरू नका, तो वाळला की सोडवताना कातड्याचा थर घेऊन निघतो. खळ ओल्या कापडाने पुन्हा सुटते. पण खळीतही पाणी असतंच, म्हणून लाल कुजीच्या पेटीत आधी सेल्युलोजचे हात पुरते वाळू द्यायचे आणि खळ घट्ट घेऊन फक्त ठिगळाच्या बाजूला लावायची. एक सूचना खास आपल्याकडच्या बुकबाइंडरांच्या सवयीमुळे: खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. इथे घालू नका. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तो लोखंडी चुकांना खातो आणि कातड्यालाही सोडत नाही. खळ रोज ताजी करा.

शिवण

उसवलेली शिवण शिवताना नवी भोकं पाडायची नाहीत. हे शिकायला मला एक वर्ष लागलं. जुनी भोकं बुजल्यासारखी दिसतात, पण बोथट सुई अलगद फिरवली की एकेक सापडत जातं. आरी फक्त भोक मोकळं करायला वापरा, पाडायला नाही. दोन भोकांच्या मध्ये तिसरं पाडलं की कातडं तिथे तिकिटासारखं फाटतं.

लिननचा दोरा मधमाशीच्या मेणातून तीन वेळा ओढायचा. दोन्ही टोकांना एकेक सुई. एका भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, म्हणजे पुढेमागे एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. मोटेची शिवण अशीच असायची. काकांनी मला ती मांडीवर जुन्या पट्ट्याचा तुकडा देऊन शिकवली. प्रत्येक टाका सारख्याच ताणाने ओढायचा. जोर लावाल तर कातडं कापतं. नायलॉनचा दोरा टिकाऊ म्हणून कुणी देईल, घेऊ नका. तो कातड्यापेक्षा बळकट असतो आणि ताण आला की दोऱ्याऐवजी कातडं जातं. दोरा तुटलेला परवडतो.

मूठ मात्र वेगळी गोष्ट. जुन्या मुठीवर भरवसा ठेवून पेटी उचलू नका. दोन्ही हात तळाखाली घालून न्या. मूठ फाटली असेल आणि मालकाला पेटी फक्त घरात ठेवायची असेल, तर मी ती तशीच जागेवर स्थिर करतो. नवी मूठ लावली तर जुनी कागदात गुंडाळून पेटीतच ठेवतो.

सांगाडा आणि पितळ

ओकचा सांगाडा सहसा शाबूत असतो. सांधे ढिले झाले असतील तर सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, वापरायचा. दुहेरी भांड्यात, साधारण साठ अंशांवर, उकळू न देता. उकळलेल्या सरसात जोर राहत नाही. मूळ कारागिरानेही सरसच वापरलेला असतो, त्यामुळे नवा जुन्याला धरतो, आणि गरम ओलाव्याने परत सुटतो. खणाची एखादी पट्टी नसली तर मी पडलेल्या वाड्याचं जुनं सागवान वापरतो, आणि तिच्या खाली शिसपेन्सिलीने वर्ष लिहितो. पुढे कुणी उघडलं तर ही पट्टी विलायतेची नाही हे त्याला कळलं पाहिजे.

पितळेला चिंच लावायची नाही. चिंचेचं आम्ल पितळेखाली झिरपतं आणि तिथे बसून राहतं. पितळ कातड्याला टेकतं तिथे हिरवी मेणचट पुटं येतात. कातड्यातल्या स्निग्धाने तांब्याशी केलेलं ते काम. लाकडी दातकोरण्याने ती काढा, उरलेलं स्पिरिटच्या बोळ्याने. पॉलिश करायचंच असेल तर पातळ पुठ्ठ्याला पितळेच्या आकाराचं भोक पाडून तो कातड्यावर धरा. मी बहुतेक वेळा करत नाही, काळपट पितळ जुन्या कातड्याशेजारी शोभतं.

कुलूप अडकलं असेल तर तेल नको, पेन्सिलीच्या शिशाची भुकटी किल्लीच्या भोकात फुंका. पेचकसाने उचकटलेली कुलपं मी इतकी पाहिलीत की आता वाईट वाटतं. एक दिवस थांबा, चांगल्या किल्लीवाल्याला घरी बोलवा.

बनात

आतली बनात पूर्ण बदलायची मागणी सगळ्यांची असते. "सर, लाल मखमल लावून टाका, लग्नाच्या पेटीसारखी दिसल." मी नाही म्हणतो आणि कारण सांगतो. जुन्या बनातीवर नळ्या टेकून झालेल्या दोन समांतर रेषा असतात, तेलाचे डाग असतात, कुणाच्या बोटांनी रोज एकाच जागी घासलेलं असतं. ती काढली की उरतो तो खोका.

ठिगळ मात्र लावता येतं. कापड लोकरीचंच हवं. बिलियर्डच्या टेबलावरची बनात उत्तम. क्लबात टेबल नव्याने मढवतात तेव्हा जुनं कापड सांगून ठेवलं तर मिळतं. बाजारात 'फेल्ट' म्हणून मिळतं ते बहुधा कृत्रिम असतं. एक धागा पेटवून बघा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटाने चुरडते. कृत्रिम धागा वितळून टणक मणी होतो. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या कापडाने पाहा.

बनातीला लव असते. तळहात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने खरखरीत. ठिगळाची लव जुन्या लवेच्याच दिशेला हवी, नाहीतर रंग तंतोतंत जुळूनही ठिगळ वेगळं दिसतं. कापड गोल नको, खणाच्या कडेपासून कडेपर्यंत घ्या म्हणजे जोड कोपऱ्यात लपतो. खळ घट्ट हवी आणि ती लाकडाला लावायची, कापडाला कधीच नाही. कापडाला लावली की ती वर झिरपते आणि वाळल्यावर टणक डाग राहतो. हाडाच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत जा, मग वर कोरा कागद आणि वजन ठेवून रात्रभर सोडा.

ठेवायची कशी

ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे ते पेटी बरी झाली की म्हणतात, आता बंदूक हिच्यातच ठेवतो. कृपा करून ठेवू नका. पेटी प्रवासासाठी होती. कातडं आणि लोकर हवेतला ओलावा शोषून धरतात, ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते. मृगापासून अश्विनापर्यंत बंद पेटीत नळ्या राहिल्या तर बनातीला टेकलेल्या रेषेवर गंज धरतोच.

रिकामी पेटीही लोखंडी कपाटात कोंडू नका. सुती खोळ शिवा, जमिनीपासून वीतभर उंच, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. मी खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ठेवलंय. काटा 45 ते 55 टक्क्यांत असला की निश्चिंत असतो. साठच्या वर गेला की सिलिका जेलच्या पिशव्या आत, आणि दर रविवारी तासभर झाकण उघडं. वैशाखात उलट होतं, हवा इतकी कोरडी की कातडं कुरकुरतं. तेव्हा कूलरच्या थेट झोतातून पेटी दूर ठेवा, तेल घेऊन धावू नका.

खंडेनवमीचं एक सांगायचं राहिलं. बऱ्याच वाड्यांत बंदूक गेल्यावरही त्या दिवशी पेटीची पूजा होते. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. कुंकवाचा रंग कातड्यात उतरतो आणि पुढे निघत नाही. पूजा बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. झाकणावर विड्याचं पान ठेवा, पानावर सुपारी आणि कुंकू सुपारीला, एवढंच सांगतो. पाण्याचा शिपका नको. संध्याकाळी पान उचला.

पण आधीच पडलेले कुंकवाचे डाग असतील तर ते मी काढत नाही. सध्या टेबलावर केजकडची एक पेटी आहे. झाकणाच्या बरोब्बर मधोमध बोटाच्या पेराएवढे सात-आठ लालसर ठिपके आहेत, एकमेकांवर पडत गेलेले. तिच्या मालकीणबाई, त्या आजी, म्हणाल्या की सासऱ्यांच्या मागं बंदूक गेली तरी सासूबाई दरवर्षी लावायच्या. त्या पेटीची शिवण उसवलीय, एक बिजागरी सैल आहे आणि डाव्या खणातली बनात कसरीने खाल्लीय. तेवढं करायचं आहे. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की कोजागिरीनंतर हातात घेईन.